न धुतलेला पंप

दादाजीचं एक बोलणं गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. "बायको रुसली तं मनवता येते, पण पंप धुवाचा राह्यला तं पीक मनवता येत नाई." फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कोणी रस्त्यानं चाललेला दिसला, की दादाजी त्याला अडवून हे ऐकवणारच. शेजारच्या धनराजनं एका साली तणनाशक मारलेला पंप नुसता विसळला आणि त्यातूनच कपाशीवर औषध मारलं. कपाशीची पानं वेडीवाकडी झाली, बोंडं धरलीच नाहीत. धनराज ते विसरला, त्याची बायकोही विसरली, पण दादाजी काही विसरला नाही. चौकात सांगायचा, लग्नाच्या पंगतीत सांगायचा, मयतीला गेला तरी बसल्याबसल्या सांगायचा. धनराज बिचारा त्याला लांबून पाहिलं तरी गल्ली बदलायचा.

आता असा माणूस स्वतः पंप न धुता ठेवेल, हे कोणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का? पण झालं तसंच. आणि शेकलं ते त्याच्यावर नाही, त्याच्या सुनेवर, दिव्यानीवर.

घरामागं विहिरीला लागून दोन-चार गुंठ्यांचा तुकडा होता. दादाजी तिथं पूर्वी दसरा-दिवाळीचा झेंडू लावायचा. फुलांच्या नुसत्या मुंड्या खुडायच्या, टोपलीत भरायच्या आणि चंद्रपूरच्या बाजारात नेऊन ओतायच्या, एवढीच त्याची फुलशेती. दिव्यानी ऊर्जानगरकडची. तिची आई तिथल्या वीजकेंद्राच्या क्वार्टरांच्या बागेत निंदण-पाण्याच्या कामाला जायची, त्यामुळे पोरगी वाफ्यांतच वाढलेली. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं पदराआडून सांगितलं, "मामाजी, फूल मुंडीवर नाई, दांडीवर विकते." दादाजी हसला. पुढच्या हिवाळ्यात तिनं माहेरून ग्लॅडिओलसचे पिशवीभर कंद आणले, ॲस्टरचं बी आणलं. फाल्गुनात पळस पेटला आणि इकडे वाफ्यांत हातभर लांब दांड्या वर आल्या, केशरी, पांढऱ्या, जांभळ्या. तेव्हा दादाजीचं हसणं बंद झालं. लग्नसराईत मंडप सजवणारे चंद्रपूरहून गाडी घेऊन दारात येऊ लागले.

ती त्याला शिकवायची, पण शिकवतेय असं दाखवायची नाही. ग्लॅडिओलसच्या खालच्या कळीनं रंग दाखवला की दांडी कापायची, उमलायची वाट पाहायची नाही. ॲस्टर मात्र उमलल्यावरच. आणि कापलं की लगेच बादलीतल्या पाण्यात, ऊन वर यायच्या आत. सासरा आणि सून म्हटल्यावर बोलणं बेताचंच. तिचा पदर डोक्यावर आणि नजर वाफ्यावर. पण सकाळच्या गारव्यात दोघं वाकून काम करायची तेव्हा एकानं हात पुढं केला की दुसऱ्यानं त्यात कात्री ठेवलेली असायची. दादाजीच्या लेकाला, प्रणितला, कामगारांच्या बसचं स्टिअरिंग आणि हातातला मोबाइल यापलीकडं जग नव्हतं. म्हाताऱ्याचं ऐकून घेणारं माणूस त्या घरात एकच होतं, आणि ते परक्या घरून आलेलं होतं. सून त्याची लाडकी होती. हे त्यानं कोणाला कधी सांगितलं नाही, तिलाही नाही.

होळी होऊन गेली होती. बांधावर गाजरगवत माजलं होतं, म्हणून दादाजीनं एका संध्याकाळी त्यावर तणनाशक मारलं. दिवसभराच्या उन्हानं अंग आंबलं होतं. घरी येऊन त्यानं पंपात तांब्याभर पाणी टाकलं, हलवलं, ओतून दिलं आणि पंप भिंतीला टेकवला. सोडा टाकून दोन-तीनदा धुवायला हवा होता. सकाळी धुऊ, म्हणाला आणि जेवायला बसला.

सकाळी त्याच्या डोक्यात दुसरंच भरलं होतं. ॲस्टरवर मावा पडला होता. दिव्यानीनं निंबोळीचा अर्क गाळून आणला आणि पंपात ओतायला वाकली. वाकली ती थोडी थांबली.

"काय झालं?" दादाजीनं विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली आणि तिनं अर्क ओतला.

दादाजीनं ॲस्टरवर मारलं, झेंडूवर मारलं, उरलंसुरलं ग्लॅडिओलसवर मारलं आणि समाधानानं चहा प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो वाफ्यांत आला. ॲस्टरच्या माना पीळ घातल्यासारख्या वळल्या होत्या. झेंडूचे शेंडे आत गोळा झाले होते, पानं आकसून वाटीसारखी झाली होती. फक्त ग्लॅडिओलस ताठ उभा होता. रुंद पानाचं मरते, लांब पात्याचं राहते, हे दादाजीनं धनराजच्या कपाशीच्या गोष्टीत शंभर वेळा सांगितलं होतं. त्यानं जाऊन पंपाचं झाकण उघडलं आणि नाक लावलं. वास होताच.

आता खरा माणूस असता तर घरात जाऊन म्हणाला असता, "गाढवपणा झाला माह्या हातानं." दादाजीनं काय केलं? इकडंतिकडं पाहिलं, कोणी नाही असं पाहून पंप विहिरीवर नेला आणि सोडा टाकून घासूनपुसून लख्ख धुतला. एकदा नाही, तीनदा. पंप इतका स्वच्छ त्यानं नवा होता तेव्हाही केला नसेल.

तो परत आला तोवर भागीरथाबाई वाफ्यात उभी होती. दादाजीची बायको वाईट नव्हती, भित्री होती. गावाच्या शिवेवर मातामायचं ठाणं आहे. वसंतातली पहिली फुलं तिथं वाहायची, हा घरचा रिवाज. एका वर्षी तो चुकला आणि त्याच उन्हाळ्यात त्यांची धाकटी पोरगी तापानं गेली. तेव्हापासून भागीरथाबाईचा फुलांवर पहारा होता. घरातली बाई बाहेर बसली की चार दिवस तिनं चुलीकडं जायचं नाही आणि फुलांच्या वाफ्याकडं तर मुळीच नाही. आणि दिव्यानी नेमकी आदल्या दिवशी दुपारी बाहेर बसली होती.

भागीरथाबाईनं पिळवटलेल्या ॲस्टरकडं पाहिलं, मग पडवीच्या कोपऱ्यात वेगळ्या चटईवर बसलेल्या सुनेकडं पाहिलं. दोन आणि दोन चार झाले.

"सकाळीच आली असन तुले," ती म्हणाली. "फुलाच्या लालचीनं लपवलंस."

"नाई आई. दुपारीच कळलं मले."

"मंग हे काऊन जळलं?"

आवाज ऐकून शेजारची गिरजाबाई कुंपणापाशी आली. ती एकटी कधीच येत नसे, तिच्या मागं आणखी दोघी-तिघी आल्या. विटाळाची गोष्ट म्हटल्यावर कोणाच्या घरात काम उरतं? दिव्यानीनं मान वर केली. एवढ्या बायकांपुढं ती कधी बोलत नसे, पण बोलली.

"आई, विटाळ लागला असता तं साऱ्याच फुलाईले लागला असता. ग्लॅडिओलस कसा उभा आहे? विटाळ पान पाहून लागते काय?"

हे म्हणताना तिनं सासूकडं पाहिलंच नाही. तिनं दादाजीकडं पाहिलं.

"पाहा वं, कशी जबान चालवते!" गिरजाबाई म्हणाली.

भागीरथाबाई नवऱ्याकडं वळली. "अवो, तुमी सांगा. तुमाले कळते फुलाचं. हा काही रोगबीग आहे का?"

सगळ्या बायका दादाजीकडं पाहू लागल्या. कुंपणापलीकडं धनराजही दातात काडी घालून उभा होता. तोंड उघडायची हीच वेळ होती. पण समोर धनराज होता. उद्या हाच धनराज चौकात उभा राहून सांगेल, लग्नात सांगेल, मयतीत सांगेल.

"रोग तं नाई दिसत," दादाजी म्हणाला.

एका अर्थी खरंच होतं ते. रोग नव्हताच. खोटं बोलायचं असेल तर माणसानं असं खऱ्याच्या आड बसून बोलावं, म्हणजे आपल्यालाही आपण खोटे वाटत नाही. दादाजीला मात्र वाटलं. दिव्यानीनं मान खाली घातली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं. बायकांच्या पंचायतीनं तिथल्या तिथं निकाल लावला. चार दिवस झाले की दिव्यानीनं डोक्यावरून न्हावं आणि येत्या मंगळवारी मातामायपुढं नारळ फोडून नाक घासावं. देवीची फुलं नासवल्याची माफी मागावी.

ते चार दिवस दादाजीनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. पाणी तो एकटाच द्यायचा, दांड्या एकटाच कापायचा. हात पुढं करायचा आणि कात्री यायची नाही. पडवीत ती बसलेली दिसायची, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. तिचं ताट भागीरथाबाई लांबूनच सरकवायची. दादाजी तिच्यासमोरून जाताना उगाच खाकरायचा, उगाच गाईला ओरडायचा. मनातल्या मनात त्यानं कारणांचा ढीग रचला. एक तर विटाळाची गोष्ट. बायकांच्या असल्या बोलण्यात पुरुषानं, त्यातून सासऱ्यानं, तोंड घालायचं म्हणजे लाज. दुसरं, नाक घासायचंय ना, घासून टाकेल, दोन दिवसांत लोक विसरतील. तिसरं, आता सांगून ॲस्टर थोडंच सरळ होणार आहे? कारणं एकापेक्षा एक चांगली होती. फक्त त्यांतल्या एकानंही घास गिळवत नव्हता.

प्रणित ड्युटीवरून आला तेव्हा दादाजीनं त्याला गोठ्यात गाठलं.

"ते नाक घासाचं नको करू म्हणावं तुह्या मायले," तो म्हणाला.

"मी काऊन म्हणू? तुमीच सांगा ना बाबा. तुमचं ऐकते ते." प्रणितनं मोबाइलमधून डोकं काढलं. "तुमाले काही माहीत आहे काय?"

बापाच्या ओठांवर आलं होतं. पण लेकानं विचारलं तेव्हाच नेमकं त्याला आठवलं, की याच लेकाला आपण एकदा पंप धुतला नाही म्हणून अंगणात चार लोकांदेखत झापड मारली होती.

"मले काय माहीत असन?" दादाजी म्हणाला आणि गाईपुढं कुटार टाकू लागला. टाकलेलंच होतं, तरी पुन्हा टाकलं.

मंगळवारी सकाळी बायका निघाल्या. दिव्यानी न्हाऊन, केस मोकळे सोडून, हातात नारळ घेऊन मधे चालत होती. भागीरथाबाईच्या हातात ग्लॅडिओलसच्या दांड्या होत्या, त्या दादाजीनंच सकाळी कापून दिल्या होत्या. कापताना त्यानं ठरवलं होतं, आता सांगतो. बायका दारातून निघाल्या तेव्हा ठरवलं, वाटेत सांगतो. पुरुषमाणसाचं तिथं काम नव्हतं, तरी तो मागं मागं गेला आणि ठाण्याजवळच्या कडुनिंबाखाली उभा राहिला. मोह वेचून परतणाऱ्या दोघी टोपल्या डोक्यावर घेऊनच तमाशा पाहायला थांबल्या.

मातामाय म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड आणि त्यापुढं ओबडधोबड फरशी. दिव्यानीनं नारळ फोडला. गुडघे टेकले. दादाजीनं तोंड उघडलं. घशातून नुसता खोकला आला. तिनं तो ऐकला असावा, कारण ती वाकता वाकता थांबली. तेवढा वेळ एखाद्याला "थांब" म्हणायला पुरेसा होता. मग तिनं फरशीवर नाक घासलं, एकदा, दोनदा, गिरजाबाई "आणखी" म्हणाली म्हणून तिसऱ्यांदा. उठली तेव्हा नाकाच्या शेंड्याची कातडी सोलली होती आणि तिथं रक्त आणि शेंदूर एक झाला होता.

ते पाहिलं आणि दादाजीच्या आत जे काय अडकलं होतं ते सुटलं. वरातीमागून घोडं, पण सुटलं.

"थांबा!" तो ओरडला आणि बायकांच्या मधे शिरला. "तिचा काही दोष नाई. पंप मी धुतला नव्हता. तणनाशकाचा पंप होता तो, त्यातूनच मी निंबोळी मारली. फुलं माह्या हातानं जळली. मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. मी बोललो नाई."

बोलून तो धापा टाकत उभा राहिला. आता शिव्या पडतील, हसतील, थुंकतील. त्याला ते हवं होतं. इतक्या दिवसांत प्रथमच त्याला मोकळा श्वास आला.

बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. मग गिरजाबाईनं गालावर बोट ठेवलं.

"अव बाप्पा! पाहा वं बायाहो, सासरा असावा तं असा! सुनेचं पाप आपल्या आंगावर घेऊन राह्यला!"

"नाई, गिरजाबाई, खरंच..."

"राहू द्या भाऊ. आमाले का माहीत नाई? साऱ्या गावाले पंप धुवाले शिकवणारा माणूस तुमी."

भागीरथाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, "पाहिलंस? बापासारखा जीव लावते तो माणूस. पाया पड त्याच्या."

"भागीरथे, मी शपथ घेतो, मातामायची..."

"खोटी शपथ नका घेऊ इथी!" ती घाबरून म्हणाली आणि तिनं चक्क त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आणि दिव्यानी वाकली. सगळ्यांसमोर दादाजीच्या पाया पडली. तिच्या नाकाचं रक्त त्याच्या पायाच्या अंगठ्याला लागलं.

दादाजी घरी गेला नाही, तो तडक धनराजच्या दारात गेला. ज्याला आपण इतकी वर्षं जाळलं तो तरी विश्वास ठेवेल, आनंदानं ठेवेल, गावभर सांगेल. त्यानं धनराजला सगळं सांगितलं, तणनाशकापासून सोड्यापर्यंत. धनराज ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा पडत गेला.

"दादाजीभाऊ," तो शेवटी म्हणाला, "मले अजून किती चिडवसान? झाली ना माही चूक, किती साल झाले." मग त्यानं विचारलं, "बरं, दाखवा तुमचा पंप. वास घेतो."

पंप तर दादाजीनं तीनदा धुतला होता.

दुपारी भागीरथाबाई गावात नारळाचा प्रसाद वाटायला गेली, तेव्हा दादाजी सुनेपाशी गेला. ती पडवीत मातीचं भांडं घासत बसली होती. नाकावर हळद लावली होती. तो तिच्यापासून लांब, उंबऱ्यावर बसला.

"मले माफ कर बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "मी पापी आहे. कोणी मानत नाई, पण पंप मीच धुतला नव्हता."

"मले माहीत आहे मामाजी."

दादाजीनं मान वर केली.

"अर्क ओताले वाकली तवाच वास आला होता मले," ती म्हणाली. भांड्यावरचा तिचा हात थांबला नाही. "म्हटलं, तुमाले कसं सांगू पंप धुवा म्हणून? तुमी तं साऱ्याईले सांगता. मले वाटलं मलेच भास झाला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तं भास नव्हता."

"मंग तू काऊन नाई बोललीस? त्या बायाईसमोर?"

"मी बोलली असती तं कोण मानलं असतं? सासऱ्यावर ढकलते म्हणले असते." तिनं भांडं उपडं ठेवलं. "तुमी बोलले असते तं मानलं असतं. त्या दिवशी, धुतलेला पंप ओला होता तवा. मी पाहून राह्यली होती ना तुमच्याकडे. मले वाटलं, आता सांगते मामाजी. आता सांगते. नाक घासाले वाकली तवाबी वाटलं."

दादाजी रडला. साठी उलटलेला माणूस उंबऱ्यावर बसून लेकरासारखा रडला. तिनं त्याला उगी म्हटलं नाही, पाणीही आणून दिलं नाही. हात धुतले आणि आत गेली.

दिव्यानी बागेत येते अजून. कंद लावते, निंदते, पाणी देते. पण फुलांना हात लावत नाही. तिच्या हातचं फूल देवीला चालत नाही असं गावानं ठरवून टाकलं आहे, आणि मंडपवालेही लग्नाची फुलं घेताना विचारतात, कोणी कापली. दांड्या आता दादाजीच कापतो. तो कापायला कधी येणार ते तिला आता सांगावं लागत नाही, ती तोवर वाफ्यातून बाहेर गेलेली असते.

आणि दादाजीचं नाव मात्र पंचक्रोशीत झालं आहे. गिरजाबाईनं ते पार वरोऱ्याच्या आपल्या लेकीच्या सासरपर्यंत पोचवलं. कोणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलं की लोक दादाजीला बोलावून नेतात, पाटावर बसवतात आणि सांगतात, हाच तो सासरा, सुनेचं पाप ज्यानं भर ठाण्यावर आपल्या अंगावर घेतलं. दादाजी आधी आधी सांगायचा की तसं नाही, पंप खरंच मी धुतला नव्हता. आता सांगत नाही, नुसती मान खाली घालतो. लोक म्हणतात, पाहा, एवढं करूनही किती नम्र माणूस आहे.